आइसलँडमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं, मग आइसलँडिक शिकायची खरंच गरज आहे का?

शिका. इथे यायच्या आधीपासून शिका.

तुम्ही लिहिलंय की रेक्याविकमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी मिळते आहे, ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत चालतं, आणि मग “जेमतेम चार लाख लोकांची भाषा, तिच्यावर वेळ का घालवायचा?” पगारात भागेल का, हेही विचारलंय. पगाराचं शेवटी सांगते. पण ते चार लाखांचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवून मी लिहायलाच बसले. हेच वाक्य मला माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ऐकवलं होतं. त्याचं ऐकून मी इथली पहिली तीन वर्षं फुकट घालवली.

आम्ही मूळचे सांगलीचे. 2021 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे केफ्लाविकला आलो. विमानतळ आहे तेच गाव. मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, इंग्रजीवर सगळं निभतं. बँक, दवाखाना, मुलाची शाळा, किराणा, कुठे काही अडत नाही. दुकानात तोडकंमोडकं “गोदान दाइन” म्हटलं की काउंटरवरची मुलगी हसून इंग्रजीवर येते. तीन वर्षं अशीच गेली. एका इमारतीत राहून शेजारणीचं नाव मला माहीत नव्हतं. ते माहीत करून घ्यायची गरजही कधी पडली नाही.

मग 8 फेब्रुवारी 2024 उजाडली.

शेजारच्या ग्रिंडाविक गावाखाली ज्वालामुखीचा शिलारस सरकतोय म्हणून 10 नोव्हेंबर 2023 च्या रात्री ते गाव रिकामं केलं होतं, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. त्यानंतर थांबून थांबून उद्रेक चालू होते. त्या गुरुवारी पहाटे पुन्हा जमीन फाटली आणि या वेळी लाव्हा वाहत जाऊन स्वार्ट्सेंगीच्या भू-औष्णिक केंद्राहून येणाऱ्या गरम पाण्याच्या मुख्य पाइपवर गेला. पाइप तुटला. याचा अर्थ काय ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरात ना गीझर, ना बॉयलर. जमिनीखालचं गरम पाणी पाइपने थेट प्रत्येक खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये येतं, त्यावरच घर उबदार राहतं. वीस हजारांहून जास्त लोकांची ऊब त्या एका पाइपवर होती. बाहेर सगळं गोठलेलं आणि दुपारनंतर आमचे रेडिएटर हळूहळू गार पडायला लागले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. तो दर दहा मिनिटांनी रेडिएटरला हात लावून पाहायचा आणि माझ्याकडे बघायचा.

सरकारी सूचना इंग्रजी आणि पोलिशमध्येही येत होत्या, त्यांना मी दोष देत नाही. वीज जपून वापरा, असं त्यात होतं. कारणही साधं आहे. इथली घरं विजेवर तापवायची कधी वेळच येत नाही, त्यामुळे गावातल्या वीजवाहिन्या तेवढा भार पेलतील अशा टाकलेल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम हीटर लावले तर वीजही जाणार. हे मी वरवर वाचलं आणि सोडून दिलं. नवरा कुठूनतरी दोन हीटर मिळवून आला होता, त्याचाच मोठा आधार वाटत होता.

संध्याकाळी जिन्याच्या दारावर कुणीतरी एक कागद चिकटवला. चौकटीच्या वहीचं पान, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: “बारा एइन ओप्न ई ईबूद. ताक्क.” मला त्यातलं सगळं येत होतं, हीच खरी गोष्ट आहे. बारा म्हणजे फक्त, एइन म्हणजे एक, ईबूद म्हणजे फ्लॅट, ताक्क म्हणजे धन्यवाद. आणि ओप्न? तो शब्द फ्रोझन पिझ्झाच्या खोक्यावर असतो: ओप्नमध्ये इतक्या अंशांवर, इतकी मिनिटं. म्हणजे ओव्हन. फक्त एक ओव्हन प्रत्येक फ्लॅटमध्ये. ओव्हन सगळ्यांकडे एकच असतो, असं मनाशी म्हणून मी वर आले. एक हीटर मुलाच्या खोलीत लावला, एक हॉलमध्ये, खिचडी टाकली आणि चहासाठी किटली सुरू केली.

आठच्या सुमाराला अख्ख्या जिन्याची वीज गेली.

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या आजी, कपाळाला टॉर्च बांधलेला, अंगात जाड लोकरीचा स्वेटर, हातात तोच कागद. वय तेव्हा 84. मी घाबरून इंग्रजीत सॉरी सॉरी करत होते. त्या काही बोलल्या नाहीत. आत आल्या, खिडकीखालच्या गार रेडिएटरवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, “ओप्न.” मग माझ्या हीटरकडे बोट दाखवून, “ओप्न.” मग टॉर्चचा झोत स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर टाकून, “ओप्न.” शब्द एकच. तीन वर्षांत मला त्यातला फक्त पिझ्झाच्या खोक्यावरचा अर्थ समजला होता.

तळमजल्यावर एक पोलिश जोडपं होतं, चार महिन्यांचं बाळ घेऊन. माझ्यामुळे तेही अंधारात आणि थंडीत. त्यांना आइसलँडिक माझ्यापेक्षा कमी यायचं, पण त्यांनी तो कागद आजींना दाखवून अर्थ विचारून घेतला होता. मी विचारला नव्हता, कारण मला कळलंय असं मला वाटत होतं. त्या बाळाच्या आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिचा तो अंधारातला चेहरा मला अजून दिसतो.

फ्यूज बदलेपर्यंत साडेनऊ झाले. मग आजींनीच ठरवलं की तीन घरांत तीन हीटर जाळण्यापेक्षा तळमजल्यावरच्या त्या घरात एक, आणि आम्ही सगळे आजींकडे. आम्ही गाद्या उचलून त्यांच्या हॉलमध्ये गेलो. त्यांनी राय या धान्याचा काळा ब्रेड आणि लोणी काढलं, मी आल्याचा चहा केला. रात्रभर त्या सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत होत्या, आणि चारातला एक शब्द मला लागत होता. मधेच त्या श्वास आत ओढत “याउ” म्हणायच्या. मला वाटलं यांना धाप लागतेय. नंतर कळलं, इथे “हो” असंच म्हणतात, श्वास आत घेत. तीन वर्षं राहून मला इथल्या माणसांचा हुंकारसुद्धा माहीत नव्हता.

सोमवारी पाणी परत सुरू झालं. पाइपमध्ये गुडगुड आवाज झाला, मुलाने पळत जाऊन रेडिएटरला हात लावला आणि “अम्मा, ओप्न!” करत खाली धावला. इथे आजीला अम्माच म्हणतात, आणि आजोबांना आवी. त्या चार दिवसांत त्याने त्यांना अम्मा करून टाकलं होतं. मोठ्या माणसांना मात्र इथे सगळे पहिल्या नावाने आणि एकेरीतच हाक मारतात, डॉक्टरांना आणि राष्ट्राध्यक्षांनासुद्धा. आडनाव बहुतेकांना नसतंच, वडिलांच्या किंवा आईच्या नावापुढे सोन किंवा दोत्तिर लावतात. 84 वर्षांच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिभेला अजून जमलेलं नाही, म्हणून मीही अम्माच म्हणते.

मार्चमध्ये मी क्लासला नाव घातलं. तिथे मला जे सापडलं ते तुम्ही नीट वाचा, कारण मराठी माणसाला याचा थेट फायदा आहे.

क्लासमधले बाकीचे लोक तीन लिंगांपाशी रडकुंडीला येतात. आपल्याला तो, ती, ते आईच्या दुधाबरोबर मिळालंय. हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग नाही, इंग्रजीत तर वस्तूंना लिंगच नाही. इथे बार्न, म्हणजे मूल, नपुंसकलिंगी. आपलंही ते मूल. लाम्ब म्हणजे कोकरू, तेही नपुंसकलिंगी. घोडीचं पिल्लू फोलाल्द नपुंसकलिंगी, आपलं शिंगरूही तसंच. दुसरं, नामाची रूपं बदलतात. हेस्तुर म्हणजे घोडा, पण वाक्यात तो हेस्त, हेस्ती, हेस्त्स होत जातो. शिक्षिका घाबरत घाबरत समजावत होती आणि मी मनात म्हणत होते: घोडा, घोड्याला, घोड्याने, घोड्याचा. गावांची नावंसुद्धा बदलतात. आपण साताऱ्याला जातो, सातारा-ला जात नाही, तसंच. आणि आठ म्हणजे आउत्ता, नऊ म्हणजे नीयु, नाव म्हणजे नाप्न. दूरची का होईना, भाऊबंदकी आहे. शिकताना माझी भीती अर्धी गेली ती इथेच.

उन्हाळ्यात अम्मा मला तरणतलावावर घेऊन गेली. पोहायला नव्हे, गरम पाण्याच्या कुंडात बसायला. इथे चहाची टपरी, गावचा पार आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख, सगळं त्या कुंडात असतं. मानेपर्यंत गरम पाण्यात आठ-दहा जण, डोक्यावर पाऊस, आणि चर्चा सुरू. सरकारने ग्रिंडाविकची घरं विकत घ्यायला काढलेल्या कंपनीने कुणाला किती दिलं, युरोपियन युनियनमध्ये जावं की नाही, 2008 मध्ये तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात बुडाल्या तेव्हा कुणाचं काय गेलं. बाहेर लख्ख ऊन आणि बोचरा वारा असला की त्याला ग्लुग्गावेदुर म्हणतात, खिडकीतून पाहायचं हवामान, हा शब्द मी तिथेच शिकले. पहिले दोन महिने मी फक्त ऐकलं. इंग्रजीत विचारलं असतं तर त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं असतं, पण कुंडातली चर्चा तिथेच थांबली असती आणि मी पाहुणी झाले असते. न विचारता बसून राहिले म्हणून चर्चा चालू राहिली.

एकदा विषय एआयचा निघाला. इथे त्याला गेर्विग्रेन्द म्हणतात. ग्रेन्द म्हणजे बुद्धी, गेर्वी म्हणजे कृत्रिम, बनवलेलं. खोट्या दातांना गेर्विटेन्नुर म्हणतात, तेच गेर्वी. अम्माने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझे गेर्वी दात चावतात चांगलं. पण रात्री काढून ग्लासात ठेवायचे असतात, हे विसरायचं नाही.” कुंडातले सगळे हसले, पण मग खरोखरच त्यावर बोलले. शाळेत मुलांना हे किती वेळ द्यावं, रात्री ग्लासात ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, अर्धा तास.

मी गप्प झाले ते वेगळ्या कारणाने. अम्मा मासे साफ करायच्या कारखान्यात आयुष्यभर काम केलेली बाई. तंत्रज्ञानाचं शिक्षण शून्य. पण शब्द तिच्या भाषेतला होता, त्याचा अर्धा भाग तिच्या तोंडातच होता, म्हणून तिला त्यावर मत देता आलं. माझी आई सांगलीत बँकेत जाते तेव्हा तिला केवायसी करा, ओटीपी सांगा, नॉमिनी अपडेट करा म्हणतात. आई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, बुद्धीने कुणाला हार जाणार नाही. पण त्या काउंटरवर ती मान डोलावते आणि सही करते. तिला मत नाही असं नाही. मत बनवायला हाताशी शब्द नाही.

इथे हे आपोआप झालेलं नाही, मुद्दाम केलंय. कॉम्प्युटरला तोल्वा म्हणतात. ताला म्हणजे संख्या, व्योल्वा म्हणजे जुन्या कथांमधली भविष्य सांगणारी बाई, दोन्ही जोडून 1960 च्या दशकात तो शब्द केला. फोन म्हणजे सीमी, दोरा या अर्थाचा जुना, विसरलेला शब्द उकरून काढला. वीज म्हणजे राफ्माग्न, तृणमण्याची (अंबरची) शक्ती. स्क्रीनला स्क्याउर म्हणतात, जुन्या मातीच्या घरांत काचेऐवजी झरोक्यावर जे पातळ कातडं ताणून बसवायचे त्याचं नाव. 16 नोव्हेंबरला इथे भाषा दिन असतो, योनास हाल्ग्रिम्सन या कवीचा जन्मदिवस. पेंग्विनला म्योर्गैस, म्हणजे चरबीवाला हंस, हा शब्द त्याने दिला. आपलाही मराठी भाषा दिन 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, कवीच्याच. मग फरक कुठे आहे? इथलं पोरगं तोल्वा म्हणतं. आपल्याकडे संगणक हा शब्द दारावरच्या पाटीवर असतो आणि आत शिरलं की सगळे कॉम्प्युटर म्हणतात.

आपल्याला जमत नाही असं मला कुणी सांगू नये. सावरकरांनी रुळवलेले दिनांक, क्रमांक, महापौर आपण रोज वापरतो, ते बनवलेले शब्द आहेत हेही विसरलो. शब्द छोटा, तोंडात बसणारा आणि रोज वापरला गेला की टिकतो. परिभाषा कोशात कोंडलेला सात अक्षरी शब्द मरतो. आइसलँडमध्येही मरतो. मोटारीला त्यांनी बिफ्रेद असा शुद्ध शब्द केला, तो कागदपत्रांत राहिला, रस्त्यावर सगळे बीत्ल म्हणतात.

आता दादाबद्दल. 2012 मध्ये मी पुण्यात एका कंपनीत होते, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. एका पतसंस्थेत चाचणीला गेले तेव्हा कॅशियर बाईंनी कीबोर्डच्या एका बटणावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: रोजकीर्द. ते बटण दाबलं की स्क्रीनवर डे बुक यायचं. मी दोन आठवडे बसून स्क्रीनवर घालायच्या मराठी शब्दांची यादी केली. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, जमा, नावे, शिल्लक. एकही शब्द नवा बनवायचा नव्हता. आपल्या पेढ्यांवर हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. साहेबांनी यादी न वाचता परत केली. मी घरी येऊन रडले. दादा तेव्हाही सॉफ्टवेअरमध्येच होता. त्याने समजूत काढायच्या ऐवजी साहेबांची बाजू घेतली: “ज्याला गरज असेल तो इंग्रजी शिकेल. मार्केट नाही म्हणून कुणी करत नाही.” आणि नऊ वर्षांनी मी इकडे यायला निघाले तेव्हा म्हणाला, चार लाखांची भाषा शिकून काय करणार.

मार्केट नाही? 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतच पाच लाख माणसं, म्हणजे हा देश आमच्या सांगलीपेक्षा लहान. पण 2022 मध्ये इथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ग्वुद्नी योहानेसन शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेला गेले, तिथल्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले की आमची भाषा तुमच्या यंत्रांना आली पाहिजे. मार्च 2023 मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने जीपीटी-4 हे एआय मॉडेल जाहीर केलं तेव्हा आइसलँडिकसाठी मिदेइन्द या इथल्या छोट्या कंपनीबरोबर केलेलं काम त्यात होतं. ते मागायला गेले म्हणून मिळालं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, मला आनंद झाला, मी इथे शिरा केला. पण त्या कॅशियर बाईंच्या स्क्रीनवर रोजकीर्द आली का, हा माझा प्रश्न आहे, आणि दादाने त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आइसलँडिक अवघड आहे. दोन वर्षं शिकूनही माझी रूपं चुकतात. इथली मुलं यूट्यूबमुळे आपापसात इंग्रजी बोलायला लागली आहेत आणि इथल्या जाणत्यांना त्याचा घोर आहे. लोक पटकन इंग्रजीवर जातात, तेव्हा तुम्हीच हट्टाने आइसलँडिकवर राहायचं. सगळेच अम्मासारखे धीराचे नसतात. रेक्याविकच्या ऑफिसात तुम्ही दहा वर्षं एक शब्द न शिकता आरामात काढू शकाल, हेही खरं. पण कायम रहिवासाचा परवाना हवा असेल तर 150 तासांचा भाषेचा कोर्स किंवा परीक्षा लागते, आणि नागरिकत्वाला परीक्षा द्यावीच लागते. मग पहिल्या वर्षीच का नाही?

पगाराचं. एकट्याचं नीट भागेल. कुटुंब असेल तर रेक्याविकचं घरभाडं आधी बघा, तेच सगळ्यात जास्त खातं, खाणंपिणं त्याच्या मागोमाग. इथे कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही, युनियनच्या करारातून ठरतं, आणि जवळजवळ सगळेच नोकरदार युनियनमध्ये असतात. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर तुमच्या युनियनचं नाव असेल, ते बघा आणि त्यांना फोन करा. भाषेच्या कोर्सचे बरेचसे पैसे ते परत देतात. मला दिले.

आणि रेक्याविकचं गरम पाणी दुसऱ्या पाइपांनी येतं, तरी एक छोटा हीटर घरात असू द्या. दुकानात नुसतं ओप्न म्हणू नका. राफ्माग्न्सओप्न मागा.